उन्हास

म्हापशाच्या दुकानाचं शटर कायमचं ओढण्याआधी
मागच्या फळ्या काढल्या, तर एक खोका.
त्यावर निळ्या अक्षरांत तेच दोन शब्द,
जे मी सात वर्षांचा असताना
सकाळच्या पोर्तुगीज शाळेतली अक्षरं घेऊन
संध्याकाळच्या मराठीत वाचले होते:
पारा उन्हास.

वाटलं, तापाचं औषध असणार.
पारा आहे, ऊन आहे, म्हणजे तापच.
दोना एफिजेनिया हसून खुर्चीतून घसरल्या.
"उन्यश रे, उन्यश! नखांसाठी असतं ते."
बाबांनी मात्र वहीत माझंच शुद्धलेखन चालू ठेवलं.
पारा उन्हास, गुलाबी पूड, डबे सहा.
पारा उन्हास, कातड्याची घासणी, नग दोन.

तेव्हा नखं रंगवत नसत, घासत.
लिस्बनहून आलेल्या पत्रकात एक हात होता,
मनगटाशी संपलेला. मागे बाई नव्हती.
बाबा तो हात दाखवून सांगत,
"नख चकाकलं की समजावं,
या घरी भांडी दुसरं कुणीतरी घासतं."
भाटकारणी माना डोलावत
आणि घासणी उचलायला चाकराला सांगत.

मग बाटल्या आल्या. लाल.
शेजारच्या गॅरेजातल्या कायताननं झाकण काढून हुंगलं.
"शणै, हा तर माझा मोटारीचा रंग!
मी डबाभर देतो, तू थेंबथेंब वीक."
बाबांना राग आला. मग त्यांनी हिशेब केला.
मग पुन्हा राग आला.
पत्रकातल्या हातानं त्या साली नखाच्या मुळाशी
चंद्रकोर कोरी ठेवली होती.
पुढच्या साली चंद्रकोर गेली.
त्याच्या पुढच्या साली परत आली, जास्त किमतीला.

शुक्रवार होता, बाजार उतरणीला लागलेला.
काजूच्या कारखान्यातली मथुरा गावस
पायरीवर उभी राहिली, आत आली नाही.
फोडलेल्या बियांचं तेल बोटांत असं मुरलेलं
की नख कुठं संपतं, कातडी कुठं सुरू होते, कळेना.
राखेनं घासून झालेलं. लिंबानं घासून झालेलं.
"ते तांबडं," ती म्हणाली, "काळ्यावर बसतं?"

बाबा पत्रक काढायला वळले
आणि वळलेलेच राहिले.

तिनं तिथंच लावलं,
तोंड किंचित उघडं ठेवून,
डाव्या हाताचं नीट, उजव्याचं बाहेर गेलेलं.
"सुकायला काय करू?"
बाबांच्या आधी मी खोका वाचला, मोठ्यानं:
उन्हास.
तिला ते बरोबर वाटलं.
दहा बोटं पसरून रस्त्याकडे वळली,
उन्हास धरून उभी राहिली,
आणि डोक्यावर केळीचे घड घेतलेल्या बाईला
तिला वळसा घालून जावं लागलं.

पुढे मुंबईच्या बाटल्या आल्या, कॅलेंडरं आली,
दोन साबणांवर एक शीशी फुकट आली.
मी विकलं सगळं. "टिकतं का?" विचारलं की
"बाई, टिकवण्यावर असतं," असं म्हणायला शिकलो.
आता कळंगुटला नात दुकान चालवते.
गिऱ्हाईक एका छोट्या पेटीत बोटं घालून बसतं,
आत निळा उजेड, मिनिटभर.
"ऊनच आहे, आजोबा, भरून ठेवलेलं."
त्याचे पैसे ती वेगळे लावते.

खोक्याखाली वही निघाली.
मथुरा गावस. पारा उन्हास, लाल, एक.
बाकी तीन तंगे.
तंगे चलनातून गेले, ते राज्य गेलं,
बाबांनी त्या ओळीवर रेघ मारलेली नाही.
ती पुन्हा आली होती का, मला आठवत नाही.
आठवायला हवं होतं.

शटर अर्धं ओढून पायरीवर आलो.
तीनचं ऊन. माझ्या नखांत वहीची धूळ.
कुणी बघत नव्हतं,
म्हणून जरा हात पुढे केले.